फाटकावरचं मानांकन

२०२३ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो. शिक्षण चौथी, पण घरातला शेवटचा शब्द माझा. नातीला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला घालायचं होतं.

अमरावतीत बस स्टँडमागे एक जण ऑनलाइन फॉर्म भरून देतो. सातबारा, पीकविमा, सगळं मी त्याच्याकडूनच करून घेतो. नाव मात्र कधी विचारलं नाही. दोन बोटांनी टाइप करतो आणि प्रत्येक बटणाआधी "दाबू ना, बावाजी?" म्हणतो.

प्रवेशाचा फॉर्म भरायला नातीला घेऊन गेलो, त्या दिवशी मी म्हटलं, "अकोल्याचं कॉलेज पहिल्या नंबरावर टाक. फाटकावरच मानांकन लिवलं हाय."

त्यानं बटण दाबलं नाही. बराच वेळ शोधून स्क्रीन माझ्याकडे वळवली. "हे मानांकन सिव्हिलचं हाय, बावाजी. कॉम्प्युटरचं नाई. प्रत्येक शाखेची तपासनी अलग होते."

"कॉलेज तं एकच हाय ना!"

"एका कंपनीची तूर चांगली उगवली, म्हून तिचं सोयाबीनचं बियानं थैलीवरचा टॅग न पायता घेता का?"

"टॅग असून बी कधी उगवत नाई."

"नाई उगवत. तरी पायताच ना?" मग नातीकडे वळून हळूच म्हणाला, "बाई, चार वर्सं तुले काढाची हायेत. तुले काय वाटते?"

तिला हे घरात कुणी विचारलंच नव्हतं. मी रागानं कागद उचलले आणि तिला घेऊन निघालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं शटर वर करताच मी नातीला त्याच्यासमोरच्या खुर्चीत बसवलं. "हिले विचारून भर," म्हटलं, आणि बाहेर पायरीवर जाऊन बसलो.