मोरपंखी गाडी आणि किल्ल्याचा चढ

किल्ल्याचा चढ आला की बाबा सोडून सगळ्यांनी गाडीतून उतरायचं आणि मागून चालत यायचं, असा आमच्या घरचा शिरस्ता होता. वजन घेऊन ती जुनी गाडी चढतच नसे. बाबांना त्यात कमीपणा वाटत नव्हता. उलट आम्हीच जाड झालो आहोत, असं त्यांचं ठाम मत होतं.

ती नव्याने उभी करायला बाबांनी मला परवानगी दिली खरी, पण इंजिन बाहेर निघालं त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं टाकलं. "इंजनच काढलंस, तर गाडीचं बचलं काय?" हे त्यांचं शेवटचं वाक्य. मीही हट्टी, आणि हा हट्ट कुणाकडून आला ते आमच्या सगळ्या थाटीपुर मोहल्ल्याला ठाऊक आहे. शहराच्या लष्कर भागातून एक म्हातारा मिस्त्री यायचा. आठ महिने आम्ही दोघं अंगणात राबलो. आजच्या गाडीचं इंजिन, पॉवर स्टिअरिंग, डिस्क ब्रेक. चाकं रुंद, छत पांढरं, अंग मोरपंखी. आरटीओत नव्या इंजिनाची रीतसर नोंदही करून आणली. बाबा रोज अंगणात खुर्ची टाकायचे आणि वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसायचे.

दसऱ्याला वाहनांची पूजा. बाबांनी हळदकुंकू आणि झेंडूचा हार घेतला आणि तो कोपऱ्यात पडलेल्या जुन्या इंजिनाला घातला. गाडीकडे ढुंकूनही बघितलं नाही. मला रडू यायचं तेवढं बाकी होतं. रागाच्या भरात मी किल्ली त्यांच्या हातात कोंबली.

"चला किल्ल्यावर. नाही चढली, तर तुमचं इंजिन परत बसवून देते."

बोलून गेले, आणि माघार नको म्हणून आईलाही गाडीत बसवलं.

चढाशी पोचताच आईने सवयीने पदर खोचला आणि दार उघडलं.

"अगं, बस की," बाबा म्हणाले.

पूर्वी गाडी जिथे हमखास दम टाकायची, त्याच वळणावर त्यांनी मुद्दाम ब्रेक दाबला. पूर्ण थांबवली. मग क्लच सोडला. गाडी बोटभरही मागे न सरकता वर निघाली. मी लहान मुलीसारखी ओरडले.

वर पार्किंगच्या चौकीदाराने विचारलं, "बाबूजी, ये कौन सी गाड़ी है?"

बाबांनी स्वतः बॉनेट उघडलं आणि सुरूच झाले. इंजिन किती सीसीचं, ब्रेकच्या नळ्या कुठून फिरवल्या, रेडिएटर बसवायला पुढची पट्टी किती कापली. एकही आकडा चुकला नाही. मी यातलं त्यांना काहीच सांगितलेलं नव्हतं.

"सब मेरी बेटी ने किया है," ते म्हणाले. "मिस्त्री तो बस पाना पकड़के खड़ा रहता था."

बाबांच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं खोटं. निम्मं काम मिस्त्रीचं होतं, आणि ते त्यांना पक्कं माहीत होतं. मी काही ते दुरुस्त केलं नाही.