अक्कांची स्कूटर

धारवाडच्या एका कॉलेजात मी पीयूच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे अकरावीला, फिजिक्स शिकवते. गतीचे नियम, घर्षण, वर्तुळाकार गती, सगळं तोंडपाठ आहे. पण पन्नाशी जवळ आली तरी मला साधी सायकलसुद्धा येत नव्हती. लहानपणी आम्ही हुबळीच्या बाजारातल्या बोळात राहायचो, शाळा कोपऱ्यावर होती. कुणी शिकवली नाही आणि मीही हट्ट धरला नाही. लग्नानंतर हे मोटरसायकलवरून सोडायचे. पुढं यांची बदली कलघटगीला झाली, हे सकाळी लवकर निघू लागले आणि मला सोडायचं काम अक्कांवर आलं.

अक्का माझ्या थोरल्या नणंद. त्यांनी लग्न केलं नाही. हुबळीतलं घरचं साड्यांचं दुकान त्याच बघतात आणि धारवाडच्या कडेला केलगेरीत आमच्याबरोबर राहतात. रोज स्कूटरवरून हुबळी गाठायची, परत यायचं. पाऊस असो, ऊन असो, बसमध्ये बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. माझ्यासाठी त्यांना वाट वाकडी करावी लागायची. त्यांनी तोंडानं कधी बोलून दाखवलं नाही, पण एकदा रविवारी सकाळी चहा पिताना किल्ली माझ्यापुढं ठेवली.

“ऊठ. तळ्याकडं जाऊ. आज तुला शिकवते.”

“अक्का, मला नाही जमायचं.”

“पोरांना शिकवतेस की सगळं. मग?”

तळ्याकाठचा रस्ता मोकळा होता. कडेला बारीक खडी पसरलेली. मी सीटवर बसले आणि दोन्ही पाय जमिनीला टेकवले. अक्का मागं उभ्या राहिल्या. सीटमागची दांडी त्यांनी डाव्या हातानं धरली.

“मी धरलंय, भिऊ नकोस. थोडीशी रेस दे. निधान, निधान.”

कन्नडमधलं ते ‘निधान’, म्हणजे सावकाश, त्या कुणालाही सांगताना वापरतात. गिऱ्हाइकाला, कुकरला, मलाही. मी मूठ जराशी पिळली. गाडी सरकली, थांबली. परत सरकली. अक्का बरोबर चालत होत्या. थोड्या वेळानं मला वाटलं, जमतंय. आणि तेवढ्यात समोरून फिरायला आलेल्या मुलींचा घोळका दिसला. त्यातल्या दोघी माझ्या वर्गातल्या होत्या. एकीनं हात वर केला, “नमस्ते मॅडम!”

मी ताठ झाले. मूठ जरा जास्त पिळली गेली आणि गाडीनं एकदम उसळी घेतली. गाडी पुढं गेली, माझं अंग जागच्या जागी राहू पाहत होतं, म्हणून मी मागं कलले. पण हातांनी हँडल घट्ट धरलेलं. अंग मागं गेलं तशी मूठही मागं ओढली गेली, म्हणजे रेस आणखी वाढली. गाडी आणखी जोरात पळाली, मी आणखी मागं. बस एकदम सुटली की उभा प्रवासी मागं का पडतो, हे मी दर वर्षी फळ्यावर चित्र काढून सांगते. त्या क्षणी त्यातलं काही आठवलं नाही. ब्रेक कुठला, तेही आठवलं नाही.

मागून अक्का ओरडत होत्या, “मूठ सोड! सोड गं!” पण त्यांनी स्वतः दांडी सोडली नव्हती. काही पावलं त्या ओढल्या गेल्या, मग खडीवरून पाय घसरला. गाडी काटेरी झुडपात शिरून बंद पडली. मला ओरखडासुद्धा आला नाही.

मुली धावत आल्या. मी वळून बघितलं तर अक्का रस्त्यावर बसलेल्या, उजवं मनगट पोटाशी धरून. चेहरा पांढराफटक. आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य आलं ते त्यांच्यासाठी नव्हतं. मुलींकडं बघून मी म्हणाले, “ॲक्सिलेटर अडकला.”

अक्कांनी माझ्याकडं पाहिलं. मग मुलींना कन्नडमधून सांगितलं, “हौदु, होय, कधी कधी अडकतो तो. जुनी गाडी आहे.”

मनगटाचं हाड मोडलं होतं. प्लास्टर पडलं. यांनी गाडी गॅरेजला दाखवली. मेकॅनिकला काहीच सापडलं नाही. घरी येऊन हे म्हणाले, “केबल तर चांगली आहे.” मी भाजी चिरत होते, मान वर केली नाही. अक्का म्हणाल्या, “असू दे रे, एखाद्या वेळी होतं.”

त्यानंतर रोज सकाळी मी त्यांची वेणी घालायची, साडीच्या निऱ्या काढून द्यायची. मग बसमधून हुबळीला जायच्या. दुकानात साडी दाखवायची तर घडी उलगडायला दोन हात लागतात. एकदा सुट्टीच्या दिवशी मी दुकानात गेले, तर त्या हनुवटीखाली साडीचं एक टोक दाबून दुसरं टोक डाव्या हातानं पसरत होत्या. गिऱ्हाईक बाई म्हणत होत्या, “राहू द्या अक्का, राहू द्या.” मी दारातूनच परत फिरले.

पुढं कॉलेजात तो धडा आला. पहिला नियम मी फळ्यावर लिहिला, बसचं चित्र काढलं आणि उदाहरण सांगायला वळले, तर त्या दोघी मुली दुसऱ्या बाकावर बसलेल्या. मी बसचं चित्र पुसलं आणि स्कूटरचं काढलं. अंग मागं का जातं, मूठ कशी ओढली जाते, वेग का वाढत जातो, सगळं सांगितलं. मग म्हणाले, “त्या दिवशी तळ्यावर ॲक्सिलेटर अडकला नव्हता. मीच पिळला होता.”

कुणी हसलं नाही. त्या दोघींपैकी एक हलकेच म्हणाली, “आम्हाला माहीत होतं मॅडम. आम्ही बघितलं होतं.”

तिच्या आवाजात कुचेष्टा नव्हती. उलट मला सांभाळून घ्यायचा सूर होता, अगदी अक्कांसारखा. मी खडू खाली ठेवला आणि हात पुसत बसले. म्हणजे इतके दिवस सगळ्यांना माहीत होतं आणि सगळ्यांनी मिळून माझी लाज झाकली होती.

संध्याकाळी अक्कांना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, “कशाला सांगत बसलीस?” आणि दुकानातलं दुसरंच काही बोलू लागल्या.

प्लास्टर निघालं. मनगट जरा वाकडं जुळलंय, पण काम देतं. काही दिवसांनी त्यांनी स्कूटर बाहेर काढली. मी आता कॉलेजला बसनं जाते, त्यामुळं त्यांना माझ्यासाठी वाट वाकडी करावी लागत नाही. परवा बसच्या खिडकीतून त्या दिसल्या. पूर्वी त्या बसच्या पुढं सरसर निघून जायच्या. आता रस्त्याच्या अगदी कडेनं, खांदे आवळून चालल्या होत्या आणि प्रत्येक वळणाआधी पाय खाली सोडत होत्या. बसनं त्यांना सहज मागं टाकलं. मी हात करणार होते, पण त्यांनी मला बघितलं तर त्या घाईघाईनं वेग वाढवतील असं वाटलं, म्हणून तोंड आत वळवलं.