शिंगराच्या वाट्याचं दूध

सारंगखेड्याहून निघालो तेव्हा तापीच्या नावेत माझ्या मांडीवर धाकटा भाऊ भिका होता. लघवीला बसला की तो ओरडून आळी जागी करायचा. मुतखडा. काठावरून माय एवढंच म्हणाली, "पोऱ्याले जपजो, भो." पलीकडून बैलगाडीनं दोंडाईचा, तिथून आगगाडीनं मुंबई.

दवाखान्यात खडा चिरून काढला. बरा झाल्यावर भिका न्यायला आलेल्या मामाबरोबर घरी गेला. मी राहिलो. दवाखान्यामागच्या प्रयोगशाळेत उंदरांना खाऊ घालायचं काम मिळालं होतं. काही पिंजऱ्यांत नुसतं पीठ, काहींत पिठाबरोबर दूध. नुसत्या पिठावरच्या उंदरांना खडे होत, दूधवाल्यांना क्वचितच. गरिबाघरच्या पोरांचंही असंच असावं, असं तिथल्या डॉक्टरांचं मत. भिकाला दूध मिळालं नाही तर पुन्हा खडा धरेल, असं त्यांनी बजावलं.

आमच्याकडे गाय होती. पण तिचं दूध गावच्या घोड्यांच्या जत्रेत विकायच्या शिंगराला. घोडं तुकतुकीत दिसलं पाहिजे, म्हणून घरात कुणी त्या दुधाला तोंड लावायचं नाही, अशी रीत. स्वराज्याची पत्रकं वाचून वाढलेला मी. परक्या सरकारला कागदावर खुशाल झोडपायचो. जत्रेच्या आधी गावी गेलो आणि गोठ्यात आबांपुढे, माझ्या वडिलांपुढे, उभा राहिलो, तर आधी नुसती वैरणच सारत राहिलो. मग सगळं सांगितलं.

आबा हसले. "तुन्हा उंदीरसले दूध चालस, मन्हा शिंगरूले नही? आम्ही भाकरवरच वाढनूत ना?" मग जरा नरमले. म्हणाले, हे विकू दे, मग पाहू.

जत्रेत शिंगरू विकलं गेलं. संध्याकाळी आबा परतले ते नवं शिंगरू घेऊन.

माझ्यात वाद घालायचं त्राण उरलं नव्हतं. मायनं धार काढली, पेला भरला आणि आबांदेखत भिकाच्या हातात दिला. "पहिले याले. मंग त्याले." आबा शिंगराची मान खाजवत राहिले.

गाव सोडून आलेल्यांनो, तुम्हाला नदी, शेत, सण आठवत असतील. मी संध्याकाळी मुंबईतल्या खोलीवर येतो तो इतका थकून, की पत्रकाची ओळही लिहवत नाही. मागं राहिलेल्यांनो, पाऊसपाण्याचं नंतर कळवा. आज मायनं भिकाचा पेला आधी भरला का, एवढंच सांगा. जोवर ती भरते आहे, तोवर सारंगखेड्यात माझं घर आहे.