सोनाबाईचं टोपडं

साठीला टेकल्यावर सोनाबाई क्रोशा शिकायला निघाली, आणि का निघाली हे तिने क्लासात कुणालाच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बायका आणखी हसल्या असत्या.

कारण होती सून. भाविका पनवेलची, नोकरी करणारी, बोलायला गोड आणि आतून भलतीच कडक. तिला दिवस गेल्यापासून घरात एकच खल चालला होता, रजा संपल्यावर बाळ कुणाकडे ठेवायचं? सोनाबाईला वाटे, यात विचारायचं काय? नवरा गेला, मोरा बंदरातली होडी विकली, मासळीची पाटी डोक्यावरून उतरली. आता उलव्याच्या फ्लॅटमध्ये ती दिवसभर भिंतींकडे बघत बसलेली असते. नातवंडाशिवाय दुसरं तिला काही नकोच होतं. पण भाविकाने एकदा तिचे हात हातात घेतले, उलटेसुलटे करून पाहिले. चिरलेले तळवे, जाड बोटं, कापलेल्या जुन्या खुणा. "आई, बाळाला मऊ हात लागतात हो," ती म्हणाली. "पनवेलला माझी आई आहेच. बघू, बारशापर्यंत ठरवू."

त्या 'बघू'वर सोनाबाई तग धरून राहिली. बारशाला आपल्या हातचं मऊ टोपडं बाळाच्या डोक्यावर दिसलं, की सुनेचं तोंड बंद होईल असा तिचा हिशेब. दर मंगळवारी दुपारी ती बसने पनवेलला जायची. वडाळे तळ्याजवळ प्रधानबाईंच्या घरी आठ-दहा बायका लोकर घेऊन बसायच्या.

प्रधानबाई शिकवायच्या उत्तम आणि टोचायच्या त्याहून उत्तम. चुकलं की धागा ओढायचा, सगळं उसवायचं, पुन्हा पहिल्या साखळीपासून. ही त्यांची पद्धत. सोनाबाईच्या पहिल्या टोपड्याचा धागा त्यांनी ओढला, तर ते उसवेचना! पठ्ठीने प्रत्येक टाक्याला गाठ मारली होती. बाईंनी ते टेबलावर आपटलं, तर टक्क वाजलं.

"यात चटणी वाढता येईल," बाई म्हणाल्या. "सोनाबाई, बाळ पकडायचंय की पापलेट?"

बायका पोट धरून हसल्या. टोपडं कचऱ्याच्या डब्यात गेलं.

सोनाबाईचा काय दोष? आठव्या वर्षी बापाने तिला जाळं विणायला बसवलं होतं. गाठ सैल राहिली की लाकडी सुई फाडकन बोटांच्या पेरांवर. चार महिन्यांत पोर तयार झाली. पुढे गप्पा मारताना, पेंगताना, नवऱ्याशी भांडतानासुद्धा तिची बोटं बिनचूक गाठी मारत राहिली. बाप मारकुटा होता पण शिकवण पक्की, असं ती अभिमानाने सांगायची. मार खाऊन शिकलेलं विसरत नाही, हे खरंच आहे. नको असेल तेव्हाही विसरता येत नाही, ते मात्र कुणी सांगत नाही.

तरी सोनाबाई हटली नाही. पुढची पाच टोपडी उसवली गेली. प्रत्येक टाका घालताना ती स्वतःला दटावायची, "सैल सोड, सोने, सैल सोड." मान धरली, डोळ्यांतून पाणी गळू लागलं. सातवं टोपडं फिकट पिवळं, सायीसारखं मऊ झालं. प्रधानबाईंनी ते गालाला लावून पाहिलं. "बसला की हात तुमचा!" त्या म्हणाल्या. बसमध्ये सोनाबाई खिडकीकडे तोंड करून रडली. इतकं कौतुक तिच्या वाट्याला उभ्या जन्मात आलं नव्हतं.

बारसं पनवेलला, विहिणीकडे. मुलगी झाली होती. टोपडं हातोहात फिरलं, सगळ्यांनी वाखाणलं, आणि भाविका चक्क म्हणाली, "आई, तुम्हीच घाला."

सोनाबाई पाळण्यावर वाकली. इवलंसं कपाळ, मिटलेले डोळे. तिला दुसरं काही दिसेनासं झालं. हातांनी टोपडं चढवलं आणि हनुवटीखाली नाड्या बांधल्या. बांधली ती जाळ्याची गाठ, ओढ बसली की आवळणारी.

बाळाने रडायला मान फिरवली आणि नाडी आवळली. विहिणीने सोडवायला ओढली, ती आणखी आवळली. पोरीचा चेहरा लाल झाला, मग काळवंडायला लागला.

"वढू नका! मना द्या, मी सोडते!" सोनाबाई ओरडली. ती गाठ सोडायला नखाने एक वेढा मागे सारायचा असतो, बस्स. पण विहिणीने तिला कोपराने ढकललं, आणि निकेशने, पोटच्या पोराने, तिची दोन्ही मनगटं धरून तिला मागे खेचलं. कुणीतरी कात्री आणली. नाडी तुटली, कात्रीचं टोक हनुवटीला लागून रक्ताचा थेंब आला, आणि बाळाने टाहो फोडला. सगळ्यांच्या जिवात जीव आला.

भाविकाने आरडाओरडा केला नाही. तिने तुटकी नाडी उचलली, गाठ सोडवून पाहिली. सुटली नाही.

"हे तुम्ही माझ्या बाळाच्या गळ्याशी बांधलंत?"

"हात चालला गो," सोनाबाई काकुळतीने म्हणाली. "माझ्या ध्यानातच नाय आलं."

"तेच तर म्हणतेय मी, आई."

सोनाबाईलाही ते पटलं, हीच सगळ्यात वाईट गोष्ट. मग बाळाच्या कानात नाव सांगितलं गेलं, पेढे वाटले गेले. ती भिंतीशी उभी होती, नाव तिला ऐकू आलं नाही.

जिन्यात निकेश खालमानेने बोलला, "आई, पोरगी इथंच रानार. तू शनिवारी येत जा बघायला. पण हात लावू नको."

"कती दिस रं?"

"भाविका सांगेल तवर."

शनिवारी ती गेली. विहिणीने चहा दिला. सोनाबाई पाळण्यापासून चार हात लांब, दोन्ही हात पदराखाली घेऊन, तासभर नातीकडे बघत बसली.