टॅब बाबाचं ऐकत नव्हता

लेकहो, माही धडधड अजून थांबली नाही.

आमचे बाबा महिनाभरापासून म्हणून राह्यले होते, "हा टॅब माहं ऐकतच नाही बे." मले वाटलं, स्वस्तातला माल, हँग होत असंन. म्हणून आज दुपारी घरीच बसून त्याचा कर्नेल, म्हणजे आतला मूळ प्रोग्रामच बदलून टाकला.

दोन तास स्क्रीन काळी. मले तर घाम फुटला.

मंग एकदाचा सुरू झाला, अन् असा पळाला का विचारू नका! लगेच बाबाच्या हाती देला.

पुन्हा तेच. बाबाचं बोट थरथरे अन् बटन सोडून बाजूले पडे.

"पाह्य, अजूनबी ऐकत नाही," बाबा म्हणाले.

यवतमाळात हाताच्या थरथरीसाठी चांगला डॉक्टर कोणता? लवकर सांगा.