लंडनच्या नाण्याला लागलेले कुंकू

दुबईच्या बर दुबई भागातल्या एका नाणे विक्रेत्याने माझ्या मित्राचे अस्सल नाणे ठेवून घेतले, त्याच्या हाती नकली दिले आणि दोष मित्राच्या बायकोवर ढकलला. पोलीस खात्यात मी शिपाई म्हणून लागलो, निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. पुष्कळ चोऱ्या पाहिल्या. पण ही आठवली की अजून डोके तापते.

आता मी तिथे जवळच अल मनखूलला मुलाकडे राहतो. जुन्या नाण्यांचा नाद मला आहे, तसाच या मित्राला. तो अबू धाबीकडच्या रुवैसला रिफायनरीत सुपरवायझर. त्याच्याकडे इंग्लंडचा चांदीचा क्राऊन, म्हणजे तिकडचे जुने मोठे नाणे, होता. तिकडे हातोड्याऐवजी यंत्राने नाणी पाडू लागले, त्या सुरुवातीच्या काळातला. दर्जा ठरवून घ्यायला दिवाळीनंतर त्याने तो या दुकानदाराकडे ठेवला. परत मिळाले ते चकचकीत नाणे. जुने नाणे घासले की त्याचा दर्जा आणि किंमत दोन्ही पडतात.

"भाभीने इमली से घिस दिया होगा," दुकानदार म्हणाला. "आप लोगों में लक्ष्मीपूजा होती है ना? खलास, ग्रेड गया."

पूजेआधी आपल्याकडे चांदी चिंचेने घासतात, हे त्याला पक्के ठाऊक होते. बायकोने बांधून दिलेली पुडी मित्राने न उघडताच दुकानात दिली होती, त्यामुळे त्याला लगेच पटले.

मला खबर दिली ती वहिनींनी, फोनवर. "भाऊजी, चिंच मी वाट्यांना लावली, नाण्याला नाही हो! पूजेत ते ओल्या कुंकवात पडलं. पुसायला गेले तर हेच ओरडले, घासू नको म्हणून. आता माझ्याशी बोलत नाहीत."

ठाण्यातही हेच चालायचे. दागिना गेला की फिर्यादी आधी कामवालीचे नाव सांगायचा. मी तेवढ्यावर कधी कोणाला संशयित केले नाही.

मित्राला नाण्यासकट बोलावले. या क्राऊनच्या कडेवर उठावाची अक्षरे असतात. भिंगातून पाहिले तर अक्षरांमधून एक बारीक सांधा गोल फिरलेला. साच्यात ओतलेल्या नाण्याला असा सांधा राहतो, यंत्राने पाडलेल्याला नाही.

"गाढवा, चिंचेने रंग उडेल," मी म्हणालो. "सांधा कुठून येईल?"

मित्राला गाडीत बसवून मी गिऱ्हाईक म्हणून दुकानात गेलो. क्राऊन हवा म्हटल्यावर दुकानदाराने आतून एक काढला. जुन्या चांदीचा करडा रंग शाबूत, राजाच्या कपाळावरच्या बटा सुट्या दिसणाऱ्या. "लंडन के कलेक्शन का है, अंकल. इंडिया कभी गया ही नहीं."

भाव पाडणे हा माझ्या हातचा मळ. बटा झिजल्यात, राजाचा खांदा सपाट झालाय, असे टोचत राहिलो. शेवटी वैतागून त्याने नाणे माझ्या तळहातावर ठेवले. "खुद देख लो!"

कडेच्या अक्षरांच्या बेचक्यांत लाल होते.

"लंडन में कुंकुम कौन लगाता है?"

त्याने हात पुढे केला, मी मूठ मिटली. मित्राला फोन करून गाडीतून आत बोलावून घेतले. त्याला पाहताच दुकानदार हसला, "हबीबी, गलती से बदल गया. ले जाओ, यल्ला."

मी म्हणालो, चल, तक्रार देऊ. मित्र म्हणतो, "जाऊ द्या ना साहेब, नाणं मिळालं." नाणे मिळाले! आणि वहिनींचे काय?

चोर असेच खोटे निवडतो, जे घरच्यांना ऐकताक्षणी खरे वाटते. तेवढ्यावर त्याचा निम्मा गुन्हा पचतो.

म्हणून दुकानदाराला सांगतो, ज्या बाईचे तोंडही पाहिले नाहीस तिच्यावर आळ घेतलास. रुवैसला जा, तिच्या दारात उभा राहा आणि खरे बोल. आणि मित्रा, तूही त्याच्या शेजारी उभा राहा. परक्याचे एका वाक्यात पटले; पूजेला तू स्वतः हजर होतास, तरी बायकोचे का पटले नाही? उत्तर तिला दे.