चार भारे पेंढा

हॅलथ्वेट गावात रग्बीच्या कपाच्या सामन्याला टोपीत पेंढ्याची काडी खोचल्याशिवाय कुणी मैदानात पाऊल टाकत नसे. फाटकाशी पोतं घेऊन काड्या वाटायचा मान एनॉक पिकर्सगिलचा. आणि खरं सांगायचं तर तीस वर्षं हा मान त्या माणसाच्या घशात काट्यासारखा अडकून बसला होता.

एनॉक मैदान राखायचा. पहाटेची पाळी कोळशाच्या खाणीत, उरलेला सगळा जीव त्या गवतावर. तोंडाचा फटकळ, पण गवताशी बोलताना एकदम लोणी. बायको हिल्डा म्हणायची, "मला कधी इतकं कुरवाळलं असतंस, तर नशीब उजळलं असतं माझं!"

एकोणीसशे छप्पनच्या फेब्रुवारीत थंडीनं कहर केला. जमीन गोठली की सामना रद्द. म्हणून गुरुवारी सगळ्या मैदानावर पेंढा अंथरायचा आणि शनिवारी सकाळी काढायचा, ही आमच्याकडची रीत. त्या शनिवारी कपाचा सामना होता, तोही लँकशायरच्या नावाजलेल्या संघाशी. इतक्या पुढच्या फेरीत हॅलथ्वेट जन्मात पोचलं नव्हतं. खाणीतून वर आलेली माणसं तोंडही न धुता पेंढा पसरायला आली.

आणि नेमकी त्याच आठवड्यात एनॉकची डुकरीण व्यायला टेकली. मळ्यातलं तिचं खोपटं बर्फासारखं गार. एनॉकनं कुणाला न सांगता मैदानाच्या पेंढ्यातले चार भारे हातगाडीवर घातले आणि नेले. 'चार भाऱ्यांनी काय होतंय?' असं मनाशी म्हणाला. नऊ पिल्लं झाली, नऊच्या नऊ जगली. इकडे गॅस कारखान्याकडचा कोपरा, जिथे दिवसभर ऊन पोचत नाही, तो तेवढा उघडा राहिला.

शनिवारी सकाळी पंच काठी टोचत मैदानभर फिरले. एनॉक बरोबर होता. त्या कोपऱ्याशी आल्यावर तो स्वतःच तिथे पाय रोवून उभा राहिला.

"इथे कशी आहे हो जमीन, पिकर्सगिल?"

"इथे? लोण्यासारखी, साहेब."

बुटाखाली दगड लागत होता. पण फाटकाबाहेर सकाळपासून माणसं रांगा लावून उभी होती. त्यांना 'घरी जा' कोण सांगणार? आणि विचारलंच असतं कुणी, की बाबा, हाच कोपरा उघडा कसा राहिला? पंचांनी मान डोलावली.

सामना संपायला दोन मिनिटं उरली होती आणि हॅलथ्वेट चार-दोन मागे. त्या कोपऱ्याकडे तोवर खेळ फिरकलाच नव्हता. तेवढ्यात क्लेम ओल्ड्रॉइडला चेंडू मिळाला. एकवीस वर्षांचं पोरगं, पायात वारं भरलेलं. तो कडेनं सुटला तो सुटलाच, मागे कुणी नाही. त्याच कोपऱ्यात रेषा आली आणि त्यानं हात लांब करून झेप घेतली. चेंडू रेषेपलीकडे टेकला, तीन गुण मिळाले, पाच-चार! गाव मैदानात घुसलं, कडेचा पेंढा हवेत उडवू लागलं. क्लेम उठत का नाही, हे पाहायला कुणाला सवड होती?

त्याच्या कंबरेच्या हाडाचा चुरा झाला होता. पुढे जन्मभर दोन काठ्या. क्लबच्या लोकांनी एनॉकला विचारलं, तेव्हाही तो म्हणाला, "जमीन मऊच होती. पोरगं वेडंवाकडं पडलं." एकदा बोललं की बोललं, शब्द काय पोटात परत घेता येतात? पुढच्याच फेरीत हॅलथ्वेट सपाटून हरलं, पण तो एक सामना गावाचा देव झाला. तिथूनच ती काडी आली.

दरवर्षी पहिली काडी क्लेमच्या कोटावर लावायची, तीही एनॉकनं. क्लेम हसून म्हणायचा, "हळू रे म्हाताऱ्या, टोचशील!" त्या दिवशी एनॉक घरी येऊन जेवत नसे. हिल्डाला वाटे, पोटाचं दुखणं. ती गेली तीही तसंच समजून.

शहाऐंशी साल उजाडलं. खाण बंद पडली होती, मैदानही विकलं जाणार होतं. शेवटचा कपाचा सामना होता. क्लेम काठ्या टेकत फाटकाशी आला, कोटाची कॉलर पुढे केली. एनॉकचा हात पोत्यात गेला आणि तिथेच राहिला.

"क्लेम, तो कोपरा गोठलेला होता. मला ठाऊक होतं. तिथला पेंढा मी माझ्या डुकरिणीला नेला होता."

क्लेम शिव्या देईल, काठी उगारेल, अशा तयारीनं एनॉक उभा होता. उगारली असती तर बरं झालं असतं.

"मऊ जमिनीवर पडून कुणाचं हाड मोडतं का, असं बाप विचारायचा," क्लेम म्हणाला. "म्हणायचा, मागे कुणी नव्हतं, चालत गेला असतास तरी पोचला असतास. लोकांना दाखवायला उडी मारलीस, वेडावाकडा पडलास आणि घराचं वाटोळं केलंस. वीस वर्षं, मरेपर्यंत, माझ्याशी धड बोलला नाही तो. मलाही तेच खरं वाटत आलं. रोज."

"क्लेम, अरे..."

"मला नसतं सांगितलंस तरी चाललं असतं रे. माझ्या बापाला तरी सांगायचं होतंस."

एवढं बोलून तो वळला आणि काडी न घेताच आत गेला. आत भोंग्यावरून त्याचं नाव पुकारलं, आणि सगळं मैदान उठून टाळ्या वाजवू लागलं.

फाटकाशी रांग खोळंबली होती. "काय एनॉक, झोपलास की काय?" मागून कुणीतरी ओरडलं. "काडी दे की!"

एनॉकनं पोत्यातून काडी काढली आणि दिली. मग पुढच्याला दिली.